राहू द्या म्हणायचं नाही

कापडाच्या दुकानात दोन तऱ्हेचे हात लागतात. एक उलगडणारे, दुसरे घडी घालणारे. उलगडायला काही लागत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, 'ते वरचं दाखवा बरं,' की ओढायचं ठाण आणि टाकायचं गादीवर. उलगडायला वारासुद्धा पुरतो. पण गिऱ्हाईक सगळं बघून, 'बायकोला घेऊन येतो,' म्हणत उठून गेलं, की मागे कापडाचा जो डोंगर उरतो, तो पुन्हा होता तसा करायला हातात काहीतरी असावं लागतं. पेठेतल्या जुन्या दुकानात ते ज्यांच्या हातात होतं, त्यांना सगळी पेठ घडीकाका म्हणायची.

काकांची घडी म्हणजे काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. वरून तळवा फिरवला तर पाण्यावरून फिरल्यासारखा जावा. गिऱ्हाइकाला ती मोडताना जिवावर यायचं. घरी आले तरी हात थांबत नसत. टॉवेल, पिशवी, रद्दीचा कागद, सापडेल त्याची घडी. बायको म्हणायची, "मी जरा वेळ गप्प बसले ना, तर माझीही घडी घालून कपाटात ठेवतील हे."

हातांना जशी घडी, तसे तोंडाला दोन शब्द. राहू द्या. गिऱ्हाइकानं भिडेखातर चादरीचं टोक धरलं, की काका म्हणायचे, "राहू द्या, राहू द्या, आम्ही आहोत ना." पाहुणा आपली कपबशी उचलून आत निघाला, राहू द्या. जिन्यात शेजाऱ्यानं पिशवीला हात घातला, राहू द्या. आता हे शब्द सगळीच माणसं म्हणतात. पण म्हणताना हात सैल सोडतात. दोनदा राहू द्या, तिसऱ्यांदा 'बरं, धरा एवढं.' काकांचं तसं नव्हतं. त्यांचं राहू द्या म्हणजे दाराला आतून घातलेली कडी.

मग ते दुकानच बंद झालं. मालक थकला, मुलांना कापडात रस नव्हता, शटर खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही. बातमी कळताच बायकोचे थोरले भाऊ आले. हे मेहुणे बांधकाम खात्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या भिंती काठीनं ठोकून 'पोकळ आहे' म्हणायची सवय. आता ठोकायला भिंती उरल्या नव्हत्या, म्हणून माणसं ठोकायचे. कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलायचे ते चार घरांना पुरेल असं.

"जावईबापू," मेहुणे म्हणाले, "गोदामावर रखवालदाराची जागा आहे. माझा शब्द चालतो तिथं. टाकू का?"

"राहू द्या, दादा."

"मग आमच्याकडे या दोघं राहायला. मागची खोली रिकामीच आहे."

"राहू द्या."

"अहो, निदान महिन्याचं धान्य तरी..."

"राहू द्या म्हटलं ना."

मेहुणे काठी टेकत उठले. दारात वळून म्हणाले, "राहू देतो. पण पडाल एक दिवस. तेव्हा उचलायला मीच लागेन."

"पडलो तर माझा मी उठेन," काका पुटपुटले. हे मात्र मेहुण्यांना स्वच्छ ऐकू गेलं. कमी ऐकणाऱ्या माणसाला नको ते नेमकं ऐकू येतं, हा निसर्गाचाच नियम आहे.

त्यानंतर काका दिवसभर घरात बसून घड्या घालू लागले. घरातलं सगळं घालून झालं. शेवटी बायकोनंच त्यांना बाहेर हाकललं. फिरत फिरत ते विद्यापीठाच्या फाटकापाशी आले, तर चहाच्या टपरीवर एक कागद चिकटवलेला. 'अर्धवेळ संशोधन सहायक पाहिजे. मानसशास्त्र विभाग, पीएचडीचे विद्यार्थी. वाचन स्पष्ट असावं, वागणं सौम्य.' कागदाचा एक कोपरा उचकटला होता. काकांनी तो अंगठ्यानं दाबून नीट बसवला आणि आत गेले.

आत जिन्याखालच्या खोलीत एक उंच पोरगा बसला होता. त्याची पीएचडी आठवणीवर. समोर बसलेल्या माणसाला एका सुरात शब्द वाचून दाखवायचे आणि मग त्याला कोणते आठवतात ते बघायचं, एवढंच काम. काकांचा आवाज खणखणीत. पण जन्म गादीवर गेलेला. समोर माणूस बसला, की त्यांच्या जिभेला दुकान सुटायचं.

"खिडकी," काका वाचायचे. मग समोरच्याचा चेहरा बघून म्हणायचे, "जरा साधा वाटतो का? थांबा, पुढचा बघा. चांदणं! हलका आहे, घ्या. रोजच्या वापराला चालेल."

सगळ्यांना चांदणं आठवायचं, खिडकी एकालाही नाही. उंच पोरानं आकडे पाहून कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही शब्द विकताय!"

"मग काय, माल पडून राहू देऊ?"

ही 'पडून'ची भाषा शेजारच्या टेबलावर ऐकू गेली. तिथं आणखी एक पीएचडीवाली होती. बारीकशी पोर, केसांत कायम पेन खोचलेलं, आणि बाहेर कुणी हसलं तरी आपल्या प्रबंधालाच हसलं असं वाटून दचकणारी. ती म्हणाली, "तुला नको असतील तर हे काका मला दे."

तिचा विषय होता मदत. परक्या माणसाची अडचण दिसली, तर कोण थांबतं, कोण पुढे जातं.

"चांगला विषय आहे, ताई," काका म्हणाले. "मग यात माझं काम काय?"

"तुम्ही अडचण."

"म्हणजे?"

"तुम्ही व्हरांड्यातून कागदांचा गठ्ठा घेऊन जायचं. समोरून एकटा माणूस आला, की अडखळायचं, गठ्ठा पाडायचा आणि गुडघ्यांवर बसायचं. मी बाकावर वर्तमानपत्रामागे असेन. माझ्या दोन्ही मुठींत मोजायची यंत्रं. त्यानं मदत केली तर उजवं दाबीन, नाही केली तर डावं."

काकांनी टेबलावरचा एक कागद ओढून त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे पडायचा पगार?"

"हो, काका."

"बाजारात तोंडघशी पडून लोकांचं दिवाळं निघालेलं पाहिलंय. पगार मिळालेला नाही पाहिला."

पोर हसली नाही. तिनं अट घातली. व्हरांड्याच्या एका टोकाला बसथांबा, दुसऱ्या टोकाला बाजार. मधून सगळं गाव जायचं. एका बाहेरच्या माणसाला जरी कळलं, की हे पडणं खोटं आहे, तरी दुसऱ्या दिवसापासून सगळे हसत हसत कागद उचलतील आणि तिची सगळी मेहनत पाण्यात. काम संपलं, की ती स्वतः दारावर पाटी लावून सगळ्यांना खरं काय ते सांगणार होती. तोवर कुणाकडे ब्र काढायचा नाही. घरीसुद्धा.

काकांनी शब्द दिला. आणि कापडवाल्याचा शब्द वाराच्या मापानं दिलेला असतो. इंचभर कमी भरत नाही.

पण पडणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा गठ्ठा पडला तो अख्खाच, धप्पकन. काकांनी तो चारी बाजूंनी सुतळीनं बांधला होता. "काका, बांधायचा नाही!" दुसऱ्यांदा मोकळा गठ्ठा सांडला, आणि समोरचा माणूस वाकायच्या आत काका सगळे कागद गोळा करून, कडा जुळवून, उभेही राहिले. "काका, जरा गोंधळा ना!" शेवटी गठ्ठाही छान सांडला, काकाही छान बसले, आणि समोरून आलेल्या बाई "अगं बाई, लागलं का हो?" म्हणत खाली वाकल्या. तशी काकांच्या तोंडून जन्माची सवय बाहेर पडली.

"राहू द्या, राहू द्या!"

"बरं," म्हणाल्या बाई, आणि गेल्या.

वर्तमानपत्रामागून कण्हल्यासारखा आवाज आला. "काका, ती मदत करत होती! आता मी काय दाबू? उजवं का डावं?"

"दोन्ही थोडं थोडं दाब."

त्या दुपारी पोरीनं काकांना समोर बसवून शिकवणी घेतली. ती म्हणायची, "धरू का?" आणि काकांनी म्हणायचं, "बरं होईल." शब्द दोनच, तेही साधे. पण काकांच्या घशात ते बोरीच्या काट्यासारखे अडकायचे. ती म्हणाली, "धरू का?" काका म्हणाले, "रा..." ती म्हणाली, "काका!" काका म्हणाले, "ब... राहू द्या." घरी जाताना त्यांनी रस्त्यातल्या दिव्याच्या खांबाला म्हणून पाहिलं, "बरं होईल." खांबानं काही मदत केली नाही, पण घसा मोकळा झाला.

पुढे हात बसला. पडण्यातही कसब असतं, आणि कसबाचा माणूस कुठेही टाका, आपली रेघ ओढतोच. काका असे पडू लागले, की पाखरांचा थवा शेतात उतरावा तसे कागद फरशीवर उतरायचे. आणि गुडघ्यांवर बसल्यावर त्यांना जे दिसायचं, ते गादीवर बसून कधी दिसलं नव्हतं. वरून माणसाचं डोकं दिसतं, कपडे दिसतात, खिशाचा अंदाज येतो. खालून आधी पावलं दिसतात. थांबायचं का जायचं, ते डोक्याच्या आधी पावलांना कळतं. काही पावलं लांबूनच वळण घ्यायची, जशी डबक्याला बगल देतात. एका माणसाची पावलं कागदांवरून अलगद उडी मारून गेली, वरून आवाज आला, "सांभाळून हं, काका!" आणि एक बाई दोन्ही हातांत सामान घेऊन आली, सगळं सामान खाली ठेवलं, काकांचे कागद गोळा केले, आणि जाताना आपलीच एक पिशवी विसरून गेली. ती तिला नेऊन द्यायला काका अर्धा बाजार धावले.

"काका, अडचणीनं पळायचं नसतं," पोर म्हणाली. पण उजवं यंत्र तिनं जरा जोरातच दाबलं होतं.

सगळं असं सुरळीत चाललं होतं. पण त्याच व्हरांड्यात, मानसशास्त्राच्या दाराला लागून, कानाचा दवाखाना होता.

एका सकाळी काका गठ्ठा घेऊन निघाले. समोरून काठी टेकत एकटा माणूस येत होता. उजेड पाठीमागून, चेहरा दिसेना. काका अडखळले, कागद उडाले, गुडघे टेकले. पावलं कागदांपाशी येऊन थांबली. काठीच्या टोकानं एक कागद बाजूला सरकवला आणि वरून आवाज आला, चार घरांना पुरेल असा.

"बघून चालावं माणसानं! काय ही फरशी, काय ही माणसं!"

काठी पुढे गेली. काका जागच्या जागी थिजले. मान वर करायची नाही असं ठरवलं, आणि नेमका त्याच वेळी त्यांचा हात आपल्या मनानं एका कागदाची घडी घालू लागला. काठी थांबली. वळली. मेहुण्यांनी तशी घडी जगात एकाच घरात पाहिली होती.

"जावईबापू? तुम्ही?"

"दादा... नमस्कार."

"नमस्कार काय! जमिनीवर बसून? बहिणीनं तर सांगितलं संशोधनाचं काम आहे! हे गठ्ठे वाहायचं काम आहे?"

"संशोधनच आहे, दादा."

"काय? शोधणं? काय शोधताय खाली?"

बाकावरच्या वर्तमानपत्राला कंप सुटला होता. काकांच्या ओठांवर सगळं येऊन थांबलं होतं. एक वाक्य बोललं असतं, तर नाक वाचत होतं. पण मेहुण्यांच्या पोटात गोष्ट राहायची नाही. संध्याकाळपर्यंत ती बसथांब्यावर, उद्या बाजारात. त्यांनी समोरचे कागद गोळा करायला घेतले.

"काही नाही दादा. जरा तोल गेला."

मेहुण्यांनी मान हलवली, जशी खचलेल्या भिंतीपुढे हलवायचे. "पोकळ झालंय," असं काहीसं म्हणत ते कानासाठी यंत्र सांगायला दवाखान्यात गेले. वर्तमानपत्रामागे हळूच डावी मूठ वाजली. टिक.

त्या दिवसापासून काकांच्या घराची घडी विस्कटली. मेहुणे थेट बहिणीकडे गेले. शेजारच्या बाईंनीही नेमकं त्याच वेळी सांगितलं, की परवा काका व्हरांड्यात पडलेले आपण डोळ्यांनी पाहिले, आणि त्याच्या आदल्या आठवड्यातही. काका घरी आले तर बायको दारातच.

"खरं सांगा, चक्कर येते का?"

"नाही गं."

"मग पिताय का?"

"या वयात सुरुवात करू?"

"मग पडता का?"

 या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या मालकीचं होतं. काका म्हणाले, "माणूस आहे, पडतो."

बायको भांडली असती तर चाललं असतं. तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून काका न्हाणीघरात गेले की बाहेर उभी राहून हाका मारू लागली. जिना उतरताना मागून सदरा धरू लागली. मेहुणे रोज येऊन बसू लागले. शेवटी त्यांनी निकाल दिला.

"रविवारी टेम्पो आणतो. सामान मागच्या खोलीत. माझ्या नजरेखाली राहतील. शनिवारी डॉक्टरला दाखवू. माझं कानाचं यंत्र त्याच दिवशी मिळणार आहे, तिथूनच यांना उचलतो."

"दादा, राहू..."

"राहू द्या आता चालायचं नाही! पडणाऱ्या माणसानं राहू द्या म्हणायचं नसतं!"

काका बायकोकडे बघू लागले. तिनं मान खाली घातली. या दोन खोल्या, खिडकीतून दोरीवर पडणारा तो उजेड, कपाटातल्या सरळ रेषेत लावलेल्या घड्या, हे सगळं रविवारी टेम्पोत चढणार. आणि उरलेला जन्म भिंती ठोकणाऱ्या माणसाच्या मागच्या खोलीत काढायचा. का, तर आपण खोटं पडतो हे खरं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरीला गाठलं. तिचा चेहरा उतरला. "काका, गाईड म्हणतात शनिवारपर्यंतचं हवंच. शनिवारी दुपारी संपलं की मीच तुमच्या घरी येऊन सांगते. पण तोवर... तुम्हाला फार त्रास होत असेल तर..."

"राहू दे," काका म्हणाले. "शब्द दिलाय."

शनिवार उजाडला. काका गठ्ठा छातीशी धरून व्हरांड्याकडे जाणारा विभागाचा जिना चढत होते. झाडूवाल्यानं नुकताच जिना पुसलेला. वरून तीन पायऱ्या राहिल्या असतील, आणि पाय सटकला. कागद वर गेले, काका खाली आले. आणि या वेळी गुडघे टेकले नाहीत. सगळे काकाच टेकले. घोट्यातून अशी कळ निघाली, की डोळ्यांपुढे भरदिवसा तारे.

"आई गं!"

झेरॉक्सवाल्यानं दुकानातून मान बाहेर काढली. रोज समोर बसून सगळा खेळ बघणारा, त्याला पोरीनं विश्वासात घेतलेलं. तो कौतुकानं म्हणाला, "वा काका! आज आवाजही घातलात!" आणि मान आत.

उंच पोरगा लांब ढांगा टाकत वरून आला. "आज जिन्यात का? नवी जागा, छान!" म्हणाला, आणि काकांना ओलांडून गेला.

काकांनी आशेनं वर पाहिलं. जिन्याच्या डोक्यावर ती पोर उभी होती. तिनं काकांना पडलेलं पाहिलं, व्हरांड्यातून एक माणूस येताना पाहिला, आणि सवयीनं झर्रकन बाकावर बसून तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं.

तेव्हा काकांना पहिल्यांदा कळलं, की जन्मभर 'माझा मी उठेन' म्हणणाऱ्याला देव एक दिवस उठायला सांगतो. त्यांनी कठड्याला हात घातला. पायानं साथ सोडली. पुन्हा बसले.

आणि व्हरांड्यातून येणारा तो माणूस म्हणजे मेहुणेच होते. कानात नवं कोरं यंत्र. जगातले सगळे आवाज एकदम ऐकू येत असल्यानं भांबावलेले. काकांना पाहताच त्यांनी काठी टाकून दिली, आणि पायऱ्या मोजून उतरणारा तो माणूस धडाधड खाली आला.

"जावईबापू! लागलं? धरा, माझा हात धरा!"

काकांच्या जिभेवर ते दोन शब्द आले. सवयीनं, दाराशी येऊन उभे राहिले. "रा..." काका म्हणाले. मग त्यांनी मेहुण्यांकडे पाहिलं. खालून पाहिलं, आणि खालून आधी पावलं दिसतात. एका पावलात चप्पल होती. दुसरी वरच्या पायरीवरच राहिली होती.

"बरं होईल, दादा," काका म्हणाले.

मेहुणे थबकले. कानातल्या यंत्राला बोट लावलं. "काय म्हणालात?"

"बरं होईल म्हटलं. एकट्यानं उठवत नाही मला."

मेहुण्यांनी मान वळवून दवाखान्याच्या दिशेनं हाक दिली, "अहो, हे यंत्र नीट लावा! भलतंच ऐकू येतंय!"

मग ते वाकले. काखेत हात घातला, जोर लावला, आणि त्यांचे गुडघे जागीच अडले. ना वर, ना खाली. हळूहळू, जुनी भिंत बसते तसे, ते काकांच्या शेजारच्या पायरीवर बसले. दोघं शेजारी शेजारी, भोवती कागदच कागद.

त्या शांततेत आवाज आला. टिक.

"हा टिक कसला?" मेहुणे म्हणाले. नव्या यंत्राला मुंगीचं पाऊलही ऐकू येत होतं. "वरून आला. त्या पेपरामागून."

एवढ्यात वरून उतरणाऱ्या एक बाई थांबल्या. "अहो बाबा, हात देऊ का?"

"राहू द्या, राहू द्या," मेहुणे ताठ बसत म्हणाले.

"दादा," काका म्हणाले, "इथं तसं म्हणायचं नाही."

वर्तमानपत्र खाली पडलं. काकांचा घोटा आता नारळाएवढा झाला होता, आणि तो पोरीला दिसला. ती धावत खाली आली. "काका! खरंच पडलात? आणि मी मोजत बसले!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुण्यांनी भुवया उंचावल्या. "खरंच म्हणजे?" काका गप्पच. आजची दुपार व्हायची होती, शब्द अजून संपला नव्हता. मग पोरीनंच केसांतलं पेन काढलं, पुन्हा खोचलं, आणि म्हणाली, "असू दे गाईडचं. पुरेत मला कालपर्यंतचे." आणि तिथंच पायरीवर बसून तिनं मेहुण्यांना सगळं सांगितलं.

मेहुण्यांनी शांतपणे ऐकलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात पूर्ण ऐकू आली होती.

"म्हणजे त्या दिवशी यांनी मुद्दाम पाडलं. आणि मी काठीनं कागद सरकवला."

"हो, काका."

"मग मी कुठल्या मुठीत?"

पोर जमिनीकडे बघू लागली. "डाव्या."

मेहुण्यांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, की काकांना आपल्या घोट्याचा विसर पडला. "बरं. पण आज? आज मी चप्पल टाकून आलो. आजचं उजव्यात धरलंत ना? टिक वाजलं, मी ऐकलंय!"

"वाजलं, पण ते काढून टाकावं लागेल. आज काका खरे पडले ना."

"म्हणजे खोटं पडल्यावर मोजता, आणि खरं पडल्यावर मोजत नाही? कसलं हे शास्त्र!" मेहुण्यांचा आवाज बसथांब्यापर्यंत गेला. "आणि तुम्ही हो, जावईबापू! टेम्पो सांगून आलो मी! एक शब्द बोलला असतात तर..."

"दुसऱ्याचा होता, दादा. कसा बोलणार?"

मेहुणे त्यांच्याकडे वळले. मग सवयीनं बोटाच्या पेरानं काकांच्या छातीवर दोनदा ठोकलं, आणि यंत्रवाला कान जवळ नेला. "भरीव आहे," म्हणाले.

झेरॉक्सवाला, उंच पोरगा आणि त्या बाई, अशा तिघांनी मिळून दोघांना उभं केलं.

रविवारी टेम्पो आला नाही. मेहुणे आले. डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधून काकांना खुर्चीत जखडलं होतं, आणि बायको आता आनंदानं भांडत होती. "पडायची नोकरी! जगात दुसरी मिळाली नाही! आणि मी न्हाणीघराबाहेर देवाचा धावा करत उभी!"

"दादा," काका म्हणाले, "मागची खोली नको. पण पाय बरा होईपर्यंत रोज भाजी वर आणून दिलीत, तर..." काकांनी पट्टीची सुटलेली कड नीट दाबून बसवली. "तर बरं होईल."

मेहुणे रोज येऊ लागले. भाजी आणायचे, ती चुकीची आणायचे, बहिणीकडून बोलणी खायचे. वाटेत व्हरांड्यातून येताना प्रत्येक वर्तमानपत्र वाचणाऱ्याकडे संशयानं बघायचे, आणि कुणाचा रुमाल जरी पडला तरी झडप घालून उचलायचे. लोक म्हणायचे, "राहू द्या हो." मेहुणे म्हणायचे, "मुळीच राहू देणार नाही. मोजा!"

एकदा दोरीवरच्या चादरी वाळल्या होत्या. मेहुण्यांनी त्या काढल्या आणि काकांसमोरच खाटेवर बसून घड्या घालायला घेतल्या. काठ एकीकडे, कोपरा भलतीकडे, मध्ये उशी दडवल्यासारखा फुगवटा. काका खुर्चीत बसून बघत होते. हाताची बोटं वळवळत होती. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. मेहुण्यांनी ती गाठोडी कपाटात ठेवली, कपाळाचा घाम पुसला, "झालं बघा तुमचं काम," म्हणाले आणि ऐटीत गेले.

बायकोनं कपाट उघडलं. ओळीनं लावलेल्या सरळ घड्यांच्या वर ते वाकडेतिकडे ढीग. तिनं हसू दाबत वरची चादर ओढली. "थांबा, नीट घालून ठेवते."

"राहू दे," काका म्हणाले. "आहे तशीच राहू दे."